बारडोलीतला न्हाण्याचा रविवार

बारडोली म्हटलं की लोकांना तीन गोष्टी आठवतात: सरदार, साखर आणि पात्रा. सुरतेपासून पूर्वेला साधारण 35 किलोमीटरवर, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आमचं गाव आहे. 1928 चा सत्याग्रह तुम्ही शाळेत वाचला असेल. सरकारने शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला, शेतकऱ्यांनी तो भरायला नकार दिला आणि शेवटी सरकारला नमावं लागलं. वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी इथल्या बायकांनी दिली असं गावात अभिमानाने सांगतात. पाहुणे आले की आम्ही त्यांना स्वराज आश्रम दाखवतो, पात्रा, म्हणजे आपल्या अळूवडीची गुजराती बहीण, खाऊ घालतो आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून देतो.

पाहुण्यांना न दिसणारी एक बारडोली आहे. ती बघायची तर रविवारी सकाळी नऊच्या पुढे आमच्या सोसायटीच्या गच्चीवर यायला हवं. पापड-कुरडयांच्या दिवसांत अर्धी गच्ची त्यांची असते, उरलेली केसांची. न्हालेल्या बायका-मुली पाठीवर पंचा टाकून उन्हाकडे पाठ करून बसलेल्या असतात. कुणाचे केस सरळ, गुडघ्यापर्यंत, कुणाचे आखूड. आणि आमच्या घरातल्या सगळ्यांचे दाट, राठ, कुरळे. बाकीच्या घरांचं न्हाणं अर्ध्या तासात उरकतं, आमचं दुपारच्या जेवणापर्यंत चालतं. यंदाच्या अंकासाठी काहीतरी लिहा असं मंडळाने सांगितलं, तेव्हा वाटलं, याच रविवाराबद्दल लिहावं. आपल्या मंडळातल्या कितीतरी मुलींचे केस असे आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी ते लपवण्यात दिवस घालवतात.

आधी आम्ही इथे कसे आलो ते सांगते, कारण केसांचा आणि त्याचा संबंध आहे. सुरतेहून भुसावळला जाणारी तापी लाइन बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत जळगावला पोचते. नवापूरचं स्टेशन तर अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. या रेषेवरून खानदेशातली माणसं पोटापाण्यासाठी सुरतेकडे येत राहिली. कुणी उधन्याला गिरणीत लागलं, कुणी रेल्वेत, कुणी शाळेत, बँकेत. आमचे बाबा साखर कारखान्यात फिटर म्हणून आले. साखर इथे आली ती पाण्यामुळे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच तापीवर काकरापारचा बंधारा झाला, 1972 मध्ये त्याच्या वर उकाईचं धरण झालं, आणि डाव्या कालव्याचं पाणी बारडोलीच्या काळ्या जमिनीत खेळू लागलं. जिथे कापूस आणि ज्वारी होती तिथे ऊस उभा राहिला. पाणी आलं म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून आम्ही आलो.

पण कालव्याचं पाणी शेतात जातं. आमच्या सोसायटीत येतं ते बोअरचं. ते जड आहे. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, नळाच्या तोंडाशी खडे जमतात, डाळ शिजायला वेळ लागतो. या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळाले की त्याचा चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. सरळ केसावरून तो निदान विंचरताना निघतो तरी. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर तो धरून बसतो, केस खरखरीत होतात आणि एकमेकांत अडकतात. आमच्या आजीला हे रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण तिला उपाय माहीत होता. शनिवारी रात्री रिठा, शिकेकाई, आवळकाठी आणि चमचाभर मेथी लोखंडी कढईत भिजत घालायची, सकाळी उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळायची. रिठ्या-शिकेकाईचा फेस साबणासारखा नसतो, त्याचा साका जड पाण्यातही बसत नाही. शेवटच्या तांब्यासाठी ती पावसाचं किंवा माठातलं पाणी राखून ठेवायची. पहिल्या पावसानंतर पागोळ्यांखाली पिंप लावलेलं असायचं आणि त्यातल्या पाण्याला आम्ही पोरी हात लावला तर ओरडा बसायचा.

न्हाण्याचा वार हा एक वेगळाच विषय. कुणाकडे सोमवार चालत नाही, कुणाकडे गुरुवार, कुणाकडे शनिवार. शेजारच्या गुजराती घरांतही हेच, फक्त वार बदलतात. सगळी यादी जुळवली की जवळपास सगळ्यांना चालणारा एकच वार उरतो आणि त्या दिवशी शाळा-कचेरीलाही सुटी असते. त्यामुळे आमच्या गच्चीवर रविवार ठरला. तिथली भाषाही सरमिसळ झाली आहे. आपण कंगवा आणि फणी म्हणतो. गुजरातीत रुंद दातांचा तो दांतियो आणि बारीक दातांची ती कांसकी. आमच्या घरात कंगव्याला दांतियोच म्हणतात. 'गुंता' आणि 'गूंच' तर एकाच वाक्यात येतात. शेजारच्या बा माझ्या भाचीकडे बघून म्हणतात, "आटली गूंच!" आणि भाची मराठीत उत्तर देते, "बा, हा गुंता नाही, हे केसच असे आहेत."

तिचं म्हणणं बरोबर आहे. कुरळा केस कापून भिंगाखाली धरला तर तो गोल नसतो, चपटा, लंबगोल दिसतो. मुळाशीच तो वळण घेऊन बाहेर येतो. डोक्याच्या त्वचेतून झिरपणारं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत पोचतं, कुरळ्या केसावर ते पहिल्या दोन वळणांतच थांबतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाशी वाळलेला असा हा केस असतो. कोरडी टोकं एकमेकांना धरतात. त्यात आणखी एक गोष्ट: प्रत्येकाचे रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. सरळ केस असतील तर ते रोज कंगव्यात येतात आणि कुणाला कळत नाही. कुरळ्या केसांत ते वळणांमध्येच अडकून राहतात आणि आठवड्याने न्हाताना एकदम निघतात. आठवड्याचे चार-पाचशे केस हातात आले की पोरी घाबरतात, "मावशी, मला टक्कल पडतंय!" म्हणून रडतात. टक्कल नाही पडत. हिशेब आठवड्याचा आहे, एवढंच.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. हे मी आजीकडून, आईकडून आणि थोडं नंतर वाचून शिकले.

शनिवारी रात्री खोबरेल तेल. फक्त डोक्याला चोळायचं नाही, टोकांना जास्त लावायचं. खोबरेलाबद्दल आज्या सांगायच्या ते खरं निघालं आहे. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातलं प्रथिन वाचवण्याचं काम खोबरेलानेच केलं. ते केसाच्या आत शिरतं, म्हणून न्हाण्याच्या आधी लावायचं. रात्रभर केस एका सैल वेणीत.

सकाळी न्हाण्याआधी बोटांनी मोठे गुंते मोकळे करायचे. कंगवा अजून हातात घ्यायचा नाही. मग डोकं धुवायचं, तेही त्वचा. टोकांना वेगळा फेस लागत नाही, वरून वाहून येतो तेवढा पुरतो. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळायचे नाहीत.

खरं काम यानंतर. सरळ केस थोडे वाळल्यावर विंचरलेले बरे, कुरळे केस ओले असताना आणि बुळबुळीत असताना. गुंता सोडवायचं औषध म्हणजे हा बुळबुळीतपणा. आजी जास्वंदीची पानं पाण्यात चुरडून त्याचा चिकट रस लावायची. आई जवस उकळून गाळून घ्यायची. व्याऱ्याकडून भेंडी ढिगाने येते तेव्हा आम्ही भेंडीचं पाणीही लावून पाहिलं आहे, चांगलं चालतं. आता बाजारात कंडिशनर मिळतं, काम तेच. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून जोर मुळीच लावायचा नाही.

केसांचे चार भाग करा. तीन चापांनी बांधून ठेवा. चौथा हातात घ्या, आणि ज्या ठिकाणी गुंता आहे त्याच्या वर, मुळाच्या बाजूला, मुठीत घट्ट धरा. असं धरलं की ओढ मुठीला लागते, डोक्याला लागत नाही. मग सगळ्यात खालचं टोक, चार बोटं लांबीचं, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने. ते सुटलं की वर सरकायचं, पुन्हा चार बोटं. मुळाकडून सुरुवात केली तर वरचे सगळे गुंते खाली ढकलले जाऊन टोकाशी एकच मोठी गाठ बसते. मग ती ओढावी लागते, पोर रडते, आणि तिला आपल्या केसांचा राग येऊ लागतो. एक भाग झाला की त्याची सैल वेणी घालून ठेवा, म्हणजे तो पुन्हा गुंतणार नाही. शेवटी पाणी, आणि टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती पंच्याने टिपणं. वाळल्यावर कंगवा लावायचा नाही. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घातला की पिंजलेला कापूस होतो.

माझ्या भाचीचे केस कमरेपर्यंत आहेत. चार भागांना आम्हाला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात ती माझ्या पुढ्यात पाटावर बसलेली असते आणि तिचं तोंड मला दिसत नाही. मला वाटतं त्यामुळेच ती बोलते. शाळेतलं, मैत्रिणींचं, मोबाइलवर कुणी काय लिहिलं ते. समोर बसवून विचारलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं. आमच्या आईलाही आमची सगळी गुपितं अशीच कळायची.

गेल्या वर्षी याच पाटावर तिने सांगितलं की वर्गात तिला 'मॅगी' म्हणतात आणि एका मुलाने 'आफ्रिकन' म्हटलं. शाळेतून "केस नीट बसवून येत जा" असंही सांगितलं होतं. चुलतभावाच्या लग्नाआधी तिला सुरतेला जाऊन केस सरळ करून घ्यायचे होते. ती म्हणाली, "मावशी, माझ्या केसांत बिघडलंय काय, तेवढं तरी सांग."

मी त्या रविवारी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली सरळ करण्याबद्दल. केस सरळ करण्याच्या कितीतरी उपचारांत फॉर्माल्डिहाइड असतं किंवा गरम इस्त्रीखाली तयार होतं. तो कर्करोगाला कारण ठरणारा वायू आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला तशा यादीत घातलं आहे. पार्लरमध्ये दिवसभर तो हुंगणाऱ्या मुलींना त्याचा त्रास सगळ्यात जास्त. आणि मुळाशी नवा केस पुन्हा वळणाचाच येतो, म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा तेच.

दुसरी गोष्ट त्या 'आफ्रिकन' शब्दाबद्दल. बारडोलीतून सुरतेला गेलं की दक्षिणेला सचिन लागतं. आज आपण ते कारखान्यांसाठी ओळखतो. पण ते एक संस्थान होतं आणि तिथले नवाब सिद्दी होते, म्हणजे त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. ते आले कुठून? आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याहून. जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात पेशव्यांशी झालेल्या करारानुसार 1791 मध्ये सिद्दी घराण्याच्या वारसाला सचिन मिळालं. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला, बावा गोरच्या दर्ग्याजवळ, आजही सिद्दी कुटुंबं राहतात. त्याआधीचा मलिक अंबर तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, त्यानेच वसवलं. आमच्या शेजारच्या पाटील आणि पटेल घरांतले अर्धे नातेवाईक आफ्रिकेत, इंग्लंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये दुकानं चालवतात. तेव्हा आफ्रिका हा शब्द या भागात शिवी म्हणून वापरणाऱ्याला इतिहास आणि शेजार दोन्ही माहीत नाही. कुरळा केस आपल्याकडे कुठून आला हे मला ठाऊक नाही आणि त्याची गरजही नाही. तो आजीकडून आला, एवढं पुरे.

भाची ऐकत होती. लगेच पटलं असं नाही. लग्नात तिने केस बांधून ठेवले. पण सुरतेला गेली नाही.

न्हाण्याच्या दिवसाची दुसरी बाजू मला कालव्यावर दिसली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला की डांग, धुळे, नंदुरबारकडून ऊसतोड मजूर बारडोलीत येतात. दिवाळीनंतर येतात, उन्हाळ्यात परततात. शेताच्या कडेला, रस्त्यालगत, प्लास्टिकच्या आणि उसाच्या पाचटाच्या झोपड्यांचे पडाव पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, मजुरी जोडीची धरतात आणि उचल आधीच मुकादमाकडून घेतलेली असते. पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणं, डोक्यावर चुंबळ ठेवून त्या गाडीपर्यंत वाहणं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. कोयत्याला रविवार नसतो. ही माणसं ज्या रेषेवरून येतात तीच आमची रेषा आहे. बाबांना कारखान्यात पगार होता, त्यांना उचल आहे, एवढाच काय तो फरक.

हिवाळ्यात एका सकाळी मी आणि भाची कालव्याच्या बाजूने फिरायला गेलो होतो. त्या दिवशी गाडी उशिरा येणार होती म्हणून पडावातल्या बायकांना सवड मिळाली होती आणि त्या पोरांना न्हाऊ घालत होत्या. साक्री तालुक्यातली एक बाई होती. तिच्या पुढ्यात सात-आठ वर्षांची मुलगी, केस दाट, उन्हाने आणि पाचटाच्या धुळीने तांबूस झालेले. मानेवर मुठीएवढा गोळा झाला होता, नमद्यासारखा घट्ट. बाजूची एक म्हातारी म्हणत होती, "हात लावू नका, देवीची आहे." आई हातात विळा घेऊन बसली होती. कापावा तर देवीचा कोप, ठेवावा तर पोरीला खाज आणि उवा.

तुमच्यातल्या लहानांना कदाचित हे माहीत नसेल. दाट केस बरेच दिवस न विंचरता राहिले, त्यात तेल, धूळ आणि घाम साचला की ते एकमेकांत असे वळतात की पुन्हा सुटत नाहीत. त्याला जट म्हणतात. वैद्यकशास्त्रातही या अवस्थेला नाव आहे, त्यात दैवी काही नाही. पण आपल्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जट आली म्हणजे यल्लम्माचं बोलावणं आलं असं मानायची रीत होती आणि जट आलेल्या मुली देवाला सोडल्या जात. एका न सोडवलेल्या गुंत्यापायी मुलीचं अख्खं आयुष्य. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती कित्येक वर्षं घरोघरी जाऊन जटमुक्तीचं काम करते. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर कितीतरी बायकांच्या जटा स्वतःच्या हाताने कापल्या आहेत. मानेला ओझं झालेल्या, वीस-तीस वर्षं डोक्यावर वागवलेल्या जटा. त्यांचा बराच वेळ कात्रीपेक्षा समजूत घालण्यात जातो.

मी त्या बाईला अहिराणीत एवढंच विचारलं की शेवटचं कधी विंचरलं होतं. ती म्हणाली, दिवाळीच्या आधी, गावाला. मग तिच बोलली, "दोन महिने हात पोचला नाही, त्यात देवीचं काय?" म्हातारी गप्प झाली. देवीला दुसरी कामं नाहीत का, असंही ती पुटपुटली आणि विळा बाजूला ठेवला.

गोळा अजून जट झाला नव्हता. घर जवळ होतं, भाची जाऊन खोबरेल, कंडिशनरची बाटली आणि दांतियो घेऊन आली. आम्ही सोडवायला बसलो नाही. ज्या आईचा तो हात होता तिनेच सोडवलं. तिची बोटं माझ्यापेक्षा सराईत होती. तिने गोळ्यात तेल जिरवलं, मुळाशी मूठ धरली आणि शेंड्याकडून एकेक बट मोकळी करायला घेतली. मी भाचीला जे पाटावर बसवून शिकवलं होतं ते ही बाई न शिकवता करत होती. "पहिले शेंडा, मंग वर," तिने पोरीला सांगितलं. तास झाला तरी अर्धाच गोळा सुटला होता, आणि मुकादमाची हाक आली. उरलेलं तिने दुसऱ्या दिवशी रात्री चुलीच्या उजेडात सोडवलं असं नंतर कळलं. थोडे केस कापावे लागले, ते साहजिकच. भाचीने दांतियो त्या मुलीला देऊन टाकला.

घरी येताना भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, तिला माझ्यासारखे केस आहेत." तेवढंच. मला वाटतं त्या दिवसापासून तिचं केसांबद्दलचं रडगाणं कमी झालं. शाळेत 'मॅगी' अजून म्हणतात. ती आता उत्तर देते, काय ते मला सांगत नाही.

कुरळ्या केसांचा गुंता ही काही आजाराची गोष्ट नाही, स्वभावाची आहे. तो सुटतो, फक्त त्याला पाणी लागतं, वेळ लागतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो, कारण स्वतःच्या मानेवरचा गुंता स्वतःला दिसत नाही. बारडोलीने आमच्या घराला हे तिन्ही दिलं. ज्या पाण्यामुळे ते मिळालं, त्याच पाण्यावरचा ऊस तोडणाऱ्यांना ते मिळत नाही. गेल्या हंगामापासून आमच्या गच्चीवरच्या बायका पडावात जाताना जुन्या कपड्यांबरोबर तेल आणि रुंद दातांचे कंगवेही देतात. शेजारच्या बांनी त्यासाठी बाजारातून डझनभर दांतिया आणले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

मुलींनो, तुमच्यापैकी कुणाचे केस असे असतील तर एका रविवारी आजीच्या किंवा मावशीच्या पुढ्यात पाट मांडून बसा. मुलग्यांनो, तुम्हीही, कुरळे केस काही फक्त मुलींना येत नाहीत. आणि तुमच्या घरात न्हाण्याचा वार कोणता, केसांना काय लावतात, आजीने काय सांगितलं, ते मंडळाकडे लिहून पाठवा. वापीपासून व्याऱ्यापर्यंतच्या घरांतलं सगळं एकत्र केलं तर पुढच्या दिवाळी अंकात दोन पानं सहज भरतील.